अमेरिकेत एमएस-पीएचडीसाठी अर्ज: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मला हमखास फोन येतात. "सर, १ डिसेंबरची डेडलाइन आहे, एसओपी बघून द्याल का?" एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, काय केलं आणि पुढे काय शिकायचंय हे सांगणारा निबंध. मी तो बघून देतो आणि विचारतो, शिफारसपत्रं कुठवर आलीत? उत्तर ठरलेलं असतं. "उद्या कॉलेजात जाऊन सरांना भेटणार आहे."

चांगल्या मुलांचे अर्ज इथेच लंगडे पडतात. जीआरई या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास, विद्यापीठांची यादी, एसओपी ही कामं आपल्या हातातली, म्हणून ती आधी उरकली जातात. पासपोर्टवरचं नाव, ट्रान्सक्रिप्ट, शिफारसपत्रं ही दुसऱ्याच्या टेबलावरची, म्हणून ती मागे पडतात. क्रम उलटा हवा. दुसऱ्याच्या हातातलं काम आधी मार्गी लावायचं आणि ते होईपर्यंत आपलं करत राहायचं.

खालचा क्रम ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या फॉल सत्रासाठी आहे. पीएचडीच्या बहुतेक मुदती डिसेंबरात येतात. एमएसच्या डिसेंबरच्या मध्यापासून पुढे दोन-तीन महिने पसरलेल्या असतात. कामाला आदल्या मार्च-एप्रिलमध्येच हात घालावा.

## १. नाव सगळीकडे एक आहे का, ते बघा

दहावीची गुणपत्रिका, इंजिनिअरिंगची गुणपत्रिका आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवा. आपल्या गुणपत्रिकांवर नाव बहुतेक वेळा आडनावापासून सुरू होतं: देशमुख अनिकेत विजय. काही विद्यापीठं पुढे आईचंही नाव छापतात. पासपोर्टवर मात्र दोन रकाने असतात. एकात 'अनिकेत विजय', दुसऱ्यात 'देशमुख'. हा फरक चालतो. पुढचे तीन चालत नाहीत.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असणं. स्पेलिंग वेगळं असणं, म्हणजे एकीकडे शेवटी एक 'ए' जास्त, दुसरीकडे कमी. आणि लग्नानंतर पासपोर्टवर नवं नाव, पदवीवर जुनं. पहिल्या दोन्हींत पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. तिसऱ्यात विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्रातल्या नावबदलाची प्रत हाताशी ठेवा. अर्जात 'पूर्वीचं नाव' असा रकाना असतो, तो मोकळा सोडू नका.

परीक्षेची नोंदणी, अर्ज, बँकेची कागदपत्रं या सगळ्यांवर पासपोर्टवरचंच नाव, अक्षरन् अक्षर तसंच टाका.

तपासा: पासपोर्टची मुदत अजून किमान दोन वर्षं शिल्लक आहे का? नसेल तर नूतनीकरण आत्ताच करा. परीक्षेची नोंदणी झाल्यावर पासपोर्टचा क्रमांक बदलला तर धावपळ होते.

## २. ट्रान्सक्रिप्ट

सगळ्या सत्रांचे विषय आणि गुण एकत्र दाखवणारा, संस्थेच्या सही-शिक्क्याचा कागद म्हणजे ट्रान्सक्रिप्ट. संलग्न कॉलेजात शिकलात तर तो विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून मिळतो. स्वायत्त कॉलेजात कॉलेजचा परीक्षा विभाग देतो. मुलं बरेचदा चुकीच्या दारात महिनाभर घालवतात. आधी फोन करून विचारा: कोण देतं, किती प्रती मिळतात, बंद लिफाफ्यात देतात का, परदेशात थेट पाठवतात का.

अनेक अमेरिकी विद्यापीठं अर्जाच्या वेळी स्कॅन केलेली प्रत घेतात आणि अधिकृत प्रत प्रवेश मिळाल्यावर मागतात. काहींना मात्र डब्ल्यूईएससारख्या, परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन हवं असतं. त्यासाठी कागद तुमच्या विद्यापीठाकडून थेट त्या संस्थेकडे जावे लागतात, तुम्ही स्वतः पाठवलेले चालत नाहीत. असं एखादं विद्यापीठ यादीत असेल तर जुलैच्या पुढे थांबू नका.

स्कॅन करताना मागची बाजू विसरू नका. गुणदानाची पद्धत (ओ, ए प्लस वगैरे श्रेणींचा अर्थ) तिथेच छापलेली असते. ती पाहिल्याशिवाय तुमचा ८.२ हा आकडा कशातला आहे, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

सावध: दहापैकी ८.२ ला चार-दशांशाने गुणून ३.२८ असा जीपीए स्वतःच्या मनाने लिहू नका. फॉर्म मूळ पट्टी विचारत असेल तर 'दहापैकी ८.२' असंच भरा. चारच्याच पट्टीत मागत असेल तर त्या विद्यापीठाच्या सूचना पाहा आणि त्या सांगतात तसंच करा.

एटीकेटी लागली असेल तर ती लपवू नका. सत्रवार गुणपत्रिका मागितल्या असतील तर नापास झालेल्या प्रयत्नाचीही जोडा. कारण सांगायचं असेल तर फॉर्ममधल्या 'अधिक माहिती'च्या चौकटीत दोन-तीन वाक्यांत सांगा: काय झालं, पुढच्या सत्रांत काय सुधारलं. एसओपीची जागा त्यावर घालवू नका. वाचणाऱ्याने पाचव्या सत्रातले गुण विसरावेत असं वाटत असेल तर पहिल्याच पानावर त्याचं लक्ष तिकडे कशाला न्यायचं?

## ३. परीक्षा

याबद्दल सगळीकडे एवढं बोललं जातं की मी थोडक्यात उरकतो. सप्टेंबर २०२३ पासून जीआरई जवळजवळ दोन तासांची झाली आहे. गुण पाच वर्षं चालतात, टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे दोन वर्षं. दोन जीआरईंमध्ये २१ दिवसांचं अंतर लागतं, म्हणून पहिला प्रयत्न ऑगस्टअखेर करा. जमलं नाही तरी दुसऱ्याला जागा उरते.

त्याआधी प्रत्येक विभागाच्या पानावर तीन शब्दांपैकी कुठला आहे ते बघा: जीआरई 'आवश्यक', 'ऐच्छिक' की 'स्वीकारत नाही'. शेवटच्या प्रकारात ३३० गुण असले तरी कोणी पाहत नाही. यादीतल्या सगळ्याच विभागांनी 'स्वीकारत नाही' म्हटलं असेल तर जीआरईच्या अभ्यासाचे तीन महिने प्रकल्पाला द्या.

## ४. यादी: विद्यापीठाची नको, विभागाची हवी

यादी करताना बहुतेक जण रँकिंग उघडतात आणि मित्राची एक्सेल शीट मागवतात. त्यातून नावं कळतात, पण तिथे तुमचं काम कोण वाचणार हे कळत नाही. विभागाच्या पानावर जाऊन एवढं लिहून काढा: अभ्यासक्रमात प्रबंध आहे की फक्त विषय, तुमच्या आवडीच्या विषयात किती प्राध्यापक आहेत, अर्जाची शेवटची तारीख, शिफारसपत्रांची संख्या, एसओपीची शब्दमर्यादा, फी.

अर्जाची फी साधारण ७५ ते १५० डॉलर असते. आठ-दहा ठिकाणी अर्ज केले की घरच्यांचा मोठा पैसा जातो. म्हणून ज्या विभागाबद्दल 'मला इथेच का शिकायचंय' याची चार वाक्यं तुम्हाला लिहिता येत नाहीत, ते नाव काढून टाका. माझ्या मते सहा-सात मनापासून केलेले अर्ज पंधरा घाईच्या अर्जांना भारी पडतात.

पैशाचं गणितही इथेच मांडा. अमेरिकेत पीएचडीला बहुधा फी माफ होते आणि वेतन मिळतं. एमएसला तसं क्वचितच. 'तिथे गेल्यावर असिस्टंटशिप (विभागातलं शिकवण्याचं किंवा संशोधनाचं पगारी काम) मिळेल' या भरवशावर यादी करू नका.

सावध: एजंट फुकट मार्गदर्शन देत असेल तर त्याला पैसे कोण देतं, हे स्पष्ट विचारा. काहींना ठरावीक विद्यापीठांकडून कमिशन मिळतं, आणि मग यादीत तीच नावं येतात.

## ५. शिफारसपत्रं

हा टप्पा सगळ्यात जास्त बिघडतो, म्हणून इथे सावकाश वाचा.

कोणाला विचारायचं. ज्याने तुमचं काम जवळून पाहिलं आहे त्याला. प्रकल्पाचे गाईड, ज्यांच्या लॅबमध्ये तुम्ही संध्याकाळी सातपर्यंत थांबत होतात त्या मॅडम, इंटर्नशिपमधला वरिष्ठ. एचओडींनी तुम्हाला एकही विषय शिकवला नसेल तर त्यांच्या पदाचा काही उपयोग नाही. 'हा विद्यार्थी मेहनती, प्रामाणिक आणि वक्तशीर आहे' एवढंच त्यांना लिहिता येतं, आणि तशी वाक्यं समितीसमोर शेकड्याने येतात.

कधी विचारायचं. गणपती उठले की लगेच. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज बंद असतं आणि त्याच्या आगेमागे हिवाळी परीक्षा, पेपर तपासणी सुरू असते. नोव्हेंबरच्या शेवटी सरांच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. तेव्हा मागितलेलं पत्र पाच मिनिटांत लिहिलं जातं आणि वाचणाऱ्याला ते कळतं.

कसं विचारायचं. व्हॉट्सॲपवर नाही. वेळ घेऊन भेटा आणि विचारा, "सर, माझ्या कामाबद्दल सविस्तर लिहिता येईल इतकं तुम्ही मला ओळखता, असं तुम्हाला वाटतं का?" सर घुटमळले तर आभार मानून दुसरीकडे जा. हा प्रश्न अवघड वाटतो, पण तो त्यांनाही मोकळं करतो.

सोबत काय द्यायचं. एक फाइल: ट्रान्सक्रिप्ट, रेझ्युमे, एसओपीचा कच्चा मसुदा, विद्यापीठांची नावं आणि तारखा एका पानावर. आणि आणखी एक पान, ज्यावर त्यांच्याबरोबर केलेल्या कामातले चार-पाच प्रसंग असतील. 'सहाव्या सत्रात पंपाच्या प्रयोगात आकडे जुळत नव्हते, तेव्हा मी गेज उघडून पाहिला आणि गळती सापडली' अशा बारकाव्याने लिहा. सरांच्या हाताखालून दर वर्षी साठ-सत्तर मुलं जातात. प्रसंग आठवून दिला की पत्रात जीव येतो.

आता अवघड भाग. अनेक ठिकाणी उत्तर मिळतं, "तूच लिहून आण, मी सही करतो." मला कळतं, सरांना वेळ नसतो, इंग्रजीची धास्ती असते. तरीही पत्र स्वतः लिहू नका. फॉर्ममध्ये 'हे पत्र पाहण्याचा हक्क मी सोडतो' यावर तुम्ही टिक केलेली असते. मग तेच पत्र तुम्ही लिहिलेलं असेल तर ती टिक खोटी ठरते. शिवाय तिन्ही पत्रं एकाच हातची असली की तीच विशेषणं, तीच वाक्यरचना, स्वल्पविरामांच्या सवयीही त्याच. सरांना नम्रपणे सांगा, "पत्र तुमच्याच शब्दांत हवंय सर, मुद्दे मी लिहून आणलेत. छोटं असलं तरी चालेल." इंग्रजी अडत असेल तर ते सहकाऱ्याकडून एकदा तपासून घेऊ शकतात. साध्या इंग्रजीतलं खरं पत्र गुळगुळीत पत्रापेक्षा कितीतरी जास्त काम करतं.

मागे एका मुलीचा अर्ज माझ्याकडे आला होता. अभ्यास उत्तम, प्रकल्प उत्तम. तिच्या कॉलेजातल्या दोन शिक्षकांनी वर्षानुवर्षं वापरात असलेला एकच नमुना तिच्यासाठीही वापरला, आणि एका पत्रात दुसऱ्याच मुलाचं नाव राहून गेलं. तिला हे कळलं ते नकार आल्यानंतर, शिक्षकांनीच ओशाळून सांगितलं तेव्हा. तिची चूक एवढीच की तिने प्रसंग लिहून दिले नव्हते. सरांच्या हातात जे होतं तेच त्यांनी वापरलं.

तपासा:
- शिक्षकांचा कॉलेजच्या डोमेनचा ईमेल आहे का? जीमेलवरून आलेल्या पत्राबद्दल काही विद्यापीठं शंका घेतात. डोमेन नसेल तर लेटरहेड आणि कार्यालयाचा फोन नंबर पत्रावर असायलाच हवा.
- सात विद्यापीठं म्हणजे प्रत्येक शिक्षकाला सात वेगळ्या लिंका. हे आधी सांगून ठेवा, स्पॅम बघायला सांगा.
- काही पोर्टल नाव भरलं की लगेच लिंक पाठवतात, काही अर्ज सबमिट झाल्यावरच. तुमच्या यादीत कुठलं कसं आहे ते ऑक्टोबरमध्येच बघून घ्या.

## ६. एसओपी

एसओपी वाचणारे त्याच विभागातले प्राध्यापक असतात, आणि त्यांच्या पुढ्यात अर्जांचा ढीग असतो. त्यांना चार गोष्टी कळायला हव्यात: तुम्ही काय केलंत, ते करताना कुठला प्रश्न शिल्लक राहिला, तो सोडवायला हाच विभाग का, आणि पुढे काय करायचंय. 'लहानपणी घरातला रेडिओ उघडून पाहिला तेव्हापासून' ही सुरुवात काढून टाका. थोरामोठ्यांची सुवचनंही काढून टाका. ती जागा तुमच्या कामाची आहे.

लिहिण्याआधी एक करा. तुमचा प्रकल्प घरात कोणाला तरी मराठीतून तोंडी सांगा. आईला, आत्याला, कोणालाही. फोनवर रेकॉर्ड करा. 'म्हणजे नक्की काय केलंस?' असा प्रश्न जिथे येतो, तिथेच तुमच्या एसओपीत भोंगळ वाक्य असतं. रेकॉर्डिंग ऐकून मुद्दे काढा आणि मग इंग्रजीत लिहा. वाक्यं आपोआप छोटी आणि खरी होतात.

उदाहरण घ्या. समजा, निफाड तालुक्यातल्या एका कांदाचाळीत तापमान आणि आर्द्रता मोजायचा प्रकल्प तुम्ही केला. पहिल्या मसुद्यात मुलं या आशयाचं लिहितात:

*"शेतकऱ्यांच्या मदतीसाठी मी आयओटीवर आधारित अत्याधुनिक प्रणाली विकसित केली. यातून मला सांघिक काम आणि नेतृत्वाचं महत्त्व कळलं."*

यात एकही गोष्ट दिसत नाही. तेच असं लिहून पाहा:

*"आम्ही चाळीत तीन उंचींवर सेन्सर लावले. दोन आठवड्यांनी खालच्या सेन्सरची आर्द्रता सतत जास्त येऊ लागली. आधी आम्हाला कांदा सडतोय असं वाटलं. मी सेन्सर काढून कोरड्या खोलीत ठेवला, तरी आकडा तोच. कांद्याची फोलपटं आणि धूळ सेन्सरवर बसली होती. जाळी बसवल्यावर वाचन सुधारलं, पण ते मंद झालं. धुळीच्या जागी स्वस्त सेन्सर स्वतःची चूक ओळखू शकेल का, हा प्रश्न मला तिथे पडला."*

दुसऱ्या परिच्छेदात नेतृत्व हा शब्दही नाही, पण माणूस दिसतो. काहीतरी चुकलं, त्याने कारण शोधलं, उपायाची मर्यादा कबूल केली आणि प्रश्न घेऊन उभा राहिला. तुमच्या प्रकल्पात असा एक प्रसंग नक्की असतो. तो शोधायलाच पहिला आठवडा द्या.

विभागाबद्दलच्या परिच्छेदात तीन प्राध्यापकांची नावं ओळीने टाकू नका. दोन पुरेत. प्रत्येकाचा निदान एक अलीकडचा शोधनिबंध वाचा आणि तुमच्या प्रश्नाशी त्याचं नातं एका वाक्यात सांगा. ते निवृत्त झालेत का, दुसऱ्या विद्यापीठात गेलेत का, हेही बघा.

एसओपी आणि पर्सनल स्टेटमेंट एक समजू नका. बर्कलीसारखी विद्यापीठं दोन्ही वेगळे मागतात. पहिल्यात काम, दुसऱ्यात तुमची जडणघडण: घरातलं पहिलंच पदवीधर असणं, मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला येणं, गावाकडच्या अडचणी. हे सांगण्यासारखं असतं, फक्त त्याच्या जागी सांगा.

सावध: दुसऱ्याची एसओपी किंवा एआयने लिहून दिलेला मजकूर आपला म्हणून पाठवू नका. अर्जाच्या शेवटी 'हे लिखाण माझं आहे' अशी सही तुम्ही करता. खोटं निघालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

तपासा: पाठवण्याआधी फाइलमध्ये यादीतल्या बाकीच्या सगळ्या विद्यापीठांची नावं एकेक करून शोधा. एकही सापडता कामा नये.

## ७. रेझ्युमे

एक पान, फार तर दोन. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, छंद काढा. प्रत्येक प्रकल्पाखाली दोन ओळी: तुम्ही स्वतः काय केलंत आणि त्यातून काय निघालं. गटाचं काम असेल तर तुमचा वाटा वेगळा लिहा.

## ८. फॉर्म भरणं

खातं सप्टेंबरमध्येच उघडा आणि सगळी पानं चाळा. अनपेक्षित प्रश्न तिथेच लपलेले असतात: ३०० शब्दांचं छोटं उत्तर, विषयांची यादी, प्रत्येक विषयाच्या पुस्तकाचं नाव.

वेळेचा हिशोब लिहून ठेवा. हिवाळ्यात अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्या साडेदहा तास मागे असतो, पश्चिम किनारा साडेतेरा तास. पूर्वेकडची रात्री ११:५९ ची मुदत म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२९. पण काही विभागांची मुदत संध्याकाळी ५ ची असते. तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात आणि सकाळी उठून पाठवू म्हणणारे हुकतात.

फी भरताना कार्ड अडतं. परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू करून घ्या. एक अर्ज मुदतीच्या दहा दिवस आधी पूर्ण पाठवून बघा, म्हणजे कार्ड, फाइलचा आकार, ओटीपी सगळ्याची तालीम होते.

सबमिट करण्याआधी पूर्ण अर्जाची पीडीएफ छापून कागदावर वाचा. स्क्रीनवर सुटलेली चूक कागदावर दिसते.

## ९. पाठवल्यानंतर

काम संपलेलं नसतं. दोन-तीन दिवसांत पोर्टलची यादी उघडा. पत्रं, गुण, ट्रान्सक्रिप्ट यांपुढे 'मिळालं' असं दिसलं पाहिजे. जीआरईचे गुण तुम्ही पाठवले तरी तिथे जुळायला वेळ लागतो, आणि नावात फरक असेल तर ते अडकून राहतात. आठवडाभरात न दिसल्यास विभागाच्या कार्यालयाला अर्ज क्रमांकासह छोटा ईमेल करा. एखादं पत्र राहिलं असेल तर सरांना जाऊन भेटा. मुदतीनंतरही काही दिवस पत्रं घेणारे विभाग असतात.

डिसेंबर-जानेवारीत पैशाची कागदपत्रं गोळा करायला लागा. जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती १८९२ पासून चालू आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे. यांच्या जाहिराती आपापल्या वेळापत्रकाने निघतात आणि अटी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात वाचूनच दाखले काढा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र यांना वेळ लागतो. प्रवेश मिळाल्यावर आय-२० साठी (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा द्यावा लागतो, तेव्हा बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र हाताशी असलेलं बरं.

निकाल फेब्रुवारीपासून येऊ लागतात. वेतन किंवा फेलोशिपसह प्रवेश आला आणि लगेच होकार द्या असा तगादा लागला तर १५ एप्रिलचा संकेत लक्षात ठेवा. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केलेल्या विद्यापीठांना आर्थिक मदतीच्या देकाराबाबत त्याआधी उत्तर देण्याची सक्ती करता येत नाही. तुमचं विद्यापीठ त्या यादीत आहे का ते पाहा. तुम्ही होकार दिलात की बाकीच्यांना लगेच नकार कळवा. तुमची जागा प्रतीक्षा यादीतल्या कोणाला तरी मिळते.

आणि ज्यांनी पत्रं लिहिली त्यांना, निकाल काहीही लागो, स्वतः जाऊन सांगा. पुढच्या वर्षी त्यांच्याच दारात तुमच्या मागची मुलं उभी असतील.